खरखर कुठून येते

११ जानेवारी

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडताच बाजूला ठेवलं नसेल, असं धरून लिहिते. फोन करायचा धीर होत नाही. फोनवर लिहून पाठवावं, तर आमच्या घरात माझा फोन माझा नाही. तुमचा दादा बास गिटार विकायच्या जाहिराती टाकतो त्या सगळ्या माझ्याच नंबरवर. म्हणतो, "बाईमाणसाचा आवाज ऐकला की लोकांना घर सरळ वाटतं." त्यामुळे भाजी निवडता निवडता मला अनोळखी माणसांना सांगावं लागतं, "हो हो, नेक, ती गिटारची लांब मान, अगदी सरळ आहे. नाही, पाण्यात भिजलेला नाही." मी आजवर एक सूर वाजवलेला नाही, पण विकायचं कसब बरं जमलंय म्हणे.

एक शंका विचारायची आहे. तुम्ही यातले जाणकार, म्हणून. एखाद्याच्या घरी येणारा प्रत्येक बास जर खरखरत असेल, तर दोष कुठे शोधायचा?

तुम्ही तिकडे गेल्यापासून आमच्याकडे किती बास आले आणि गेले, याची मोजदाद मी सोडून दिली आहे. लेक म्हणते, "आई, आपल्याकडे पाहुण्यांसारखे येतात, चार दिवस राहतात, आणि बाबा त्यांना नावं ठेवून परत पाठवतात." खोटं नाही ते. नवा बास आला की तुमचा दादा दोन दिवस हवेत असतो. जेवणाच्या टेबलावर पंचा अंथरून त्याला आडवा करतो, पुसतो, लाकडाचा वास घेतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा उतरतो. "जाड तारेवर खरखरतोय."

मग शोध सुरू. आधी केबल बदलायची. मग अँप, तो आवाज मोठा करणारा खोका. मग अँपचा प्लग स्वयंपाकघरातल्या बोर्डाला लावून पाहायचा, तेव्हा माझा मिक्सर बंद. मग काहीच न जोडता, नुसता मांडीवर घेऊन वाजवायचा. तरी खरखर. मग तारा नव्या. मग नेकच्या आतल्या सळईला किल्लीने जरासा पीळ द्यायचा आणि लाकूड बसेपर्यंत एक दिवस थांबायचं. त्या दिवशी आम्ही घरात हळू बोलतो, कुणी आजारी असल्यासारखं. शेवटी दुरुस्तीवाला. तो वाजवून बघतो आणि म्हणतो, "साहेब, यात काही नाही." तुमचा दादा घरी येऊन म्हणतो, "त्याला घाई असते नेहमी."

आणि विकताना मात्र सरळ लिहितो, 'जाड तारेवर खरखर आहे.' गिऱ्हाईक येतं, आमच्या दिवाणखान्यात बसून वाजवतं, माझ्याकडे बघतं, पुन्हा वाजवतं. स्वच्छ आवाज येत असतो, भाऊजी, मलासुद्धा कळतं. मग ते आम्ही विचार बदलायच्या आत बास उचलून जिना उतरतं. तुमचा दादा म्हणतो, "त्याची बोटं दणकट आहेत, खरखर झाकली जाते."

हे असं का होत असेल? सवडीने कळवा. उत्तर माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, तो पाकिटामागे लिहिला आहे.

बाकी सगळे ठीक. मोटारसायकलचा क्लच फार कडक झालाय म्हणून तुमचा दादा कुरकुरत असतो. वायर नवी टाकली तरी तसाच आहे म्हणतो.

तुमची वहिनी


४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं उत्तर मिळालं. तीनच ओळी, पण तुमच्या हाताच्या. "ज्याला भावाने दिलेला बास मोडका वाटतो त्याला सगळेच मोडके वाटणार. दोष बासमध्ये शोधू नका. तुम्ही बऱ्या आहात ना?"

मी बरी आहे. शेवटची ओळ लिहिलीत म्हणून हे दुसरं पत्र लिहायचं बळ आलं.

मागच्या पत्रात मी शंका म्हणून जे विचारलं, त्याचं उत्तर मला थोडंफार ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी ते आधी म्हणावं, अशी इच्छा होती. आमच्या दुकानात चाळिशी लागलेली माणसं येतात ना, त्यातलं कुणीही आत येऊन "मला दिसत नाही" असं म्हणत नाही. म्हणतात, "हल्ली छपाई किती पुसट करतात हो!" मी हसून "खरंय" म्हणते आणि त्यांना खुर्चीवर बसवते. रोजचं काम आहे माझं ते. घरी मात्र जमेना.

तुमचा तो बास घेऊन गेलेली संगीताची बाई आठवते का? तुम्हाला कशी आठवणार, तुम्ही तोवर बोलणं टाकलं होतं. सासूबाईंच्या वाढदिवसाला, सगळं घर ऐकत असताना, फोन स्पीकरवर असताना, तुमचा दादा तुम्हाला म्हणाला होता, "भावाच्या गळ्यातसुद्धा मोडका माल मारलास." तुम्ही फोन ठेवलात. आम्ही सगळे केकच्या बश्या हातात घेऊन उभे. सासूबाई म्हणाल्या, "रेंज गेली असेल." त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने तो बास विकला, शाळेत संगीत शिकवणाऱ्या एका बाईंना. तुम्ही पहिल्या पगारातून घेतलेला, तिकडे जाताना त्याला देऊन गेलेला, मागच्या बाजूला तुमच्या पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे असलेला. मी त्या दिवशी दुकानातून मुद्दाम उशिरा आले.

त्या बाई परवा चष्म्याला आल्या. मी त्यांचा नंबर काढता काढता विचारलं, "त्या बासचं पुढे काय झालं हो? खरखरायचा ना?"

"खरखर?" त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं? अहो, माझ्याकडचा सगळ्यात गोड वाजणारा तोच. मुलांना हात लावू देत नाही मी."

"काही दुरुस्ती केलीत का?"

"एक स्क्रूसुद्धा हलवला नाही."

त्यांनी दुसऱ्या डोळ्यावर हात ठेवला होता आणि मी पुढचं भिंग लावायचंच विसरले. "ताई, मला काहीच दिसत नाहीये," त्या म्हणाल्या, तेव्हा भानावर आले.

म्हणजे तेव्हापासून आहे हे. तुमच्या बासपासून.

आता सरळ लिहिते. तुमच्या दादाचा डावा हात बारीक होतोय. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मध्ये, वरच्या बाजूला, आपल्या सगळ्यांच्या हाताला उशीसारखं मांस असतं. त्याच्या तिथे खळगा पडला आहे. शर्टाचं वरचं बटण तो हल्ली लावत नाही, म्हणतो उकडतं. बाटलीचं झाकण उघडताना बाटली छातीशी धरतो. आणि तो क्लच. मेकॅनिकने माझ्यासमोर दोन बोटांनी दाबून दाखवला. "वहिनी, लोण्यासारखा आहे. अजून काय करू?" तार नेकवरच्या धातूच्या पट्टीवर नीट दाबली गेली नाही की ती थरथरून पट्टीवर आपटते आणि खरखर येते, हे तुम्हाला मी काय सांगावं. दाबणारं बोटच दमलं असेल तर नव्या केबलने काय होणार?

हे मी त्याला कसं सांगू? तुम्ही सांगा ना. त्याने तुमचं ऐकलं नसतं हे मान्य, पण तुमचं न ऐकता त्याला झोप लागली नसती. माझं न ऐकता तो शांत झोपतो.

वहिनी


२१ फेब्रुवारी

भाऊजी,

"डॉक्टरकडे न्या" असं लिहिलंत. बरोबरच आहे. पण न्या म्हणजे कसा न्यायचा? तुमचा दादा काय पिशवी आहे, उचलली आणि निघाले?

मी बोलून पाहिलं. शनिवारी सकाळी चहा घेताना, अगदी सहज वाटावं अशा बेताने म्हटलं, "तुझा डावा हात जरा दाखवून येऊ या का एकदा?"

"कुणाला दाखवायचा? ज्योतिषाला?"

"डॉक्टरला."

"का? काय झालंय हाताला?" आणि उठून कोपऱ्यातला अँप उचलून उभा राहिला. "हे बघ. आहे का काही?"

"बाबा," लेक पेपरातून डोकं न काढता म्हणाली, "तो उजवा हात आहे."

त्याने अँप खाली ठेवला. हसला. आम्हीही हसलो. एवढ्यावर विषय संपला, आणि मी तो संपू दिला.

त्याच आठवड्यात सिग्नलला गाडी उभी असताना क्लच हातातून सुटला. गाडीने उडी घेतली आणि समोरच्या मोटारीचा मागचा दिवा फुटला. गुडघा खरचटला, नशीब तेवढ्यावरच निभावलं. घरी आला तो मेकॅनिकला शिव्या घालतच. मी गाडीची किल्ली पिठाच्या डब्यामागे लपवली. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या किल्लीने गाडी काढून ऑफिसला गेला, आणि जाताना मला म्हणाला, "पिठाच्या डब्यामागे कुणाची तरी किल्ली पडलीय बघ." तेव्हा मला कळलं की त्याला कळतंय. किती कळतंय हे मात्र कळेना.

अजून एक सांगते, हसू नका. किंवा हसा. या खेपेला आलेला बास फार देखणा होता, मधाच्या रंगाचा. दुरुस्तीवाला नेहमीसारखाच "यात काही नाही" म्हणाला. मग तुमच्या दादाने स्वतःच कानस घेतली आणि नेकवरच्या धातूच्या पट्ट्या घासून समपातळीत आणायला बसला. दोन दिवस टेबलावर चंदेरी भुकटी. मी पोळ्या ओट्यावरच वाढल्या. डाव्या हाताने बास घट्ट धरता येत नाही म्हणून तो सरकायचा, आणि कानस कुठे जास्त, कुठे कमी चालायची. झाल्यावर वाजवला तर जागोजागी खरखर. आता तो खरोखरच खरखरतो, कुणीही वाजवला तरी.

तो घेऊन पुन्हा दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, "हो साहेब, यात आहे दोष."

भाऊजी, परीक्षेत पास झाल्यासारखा घरी आला हो. जिन्यातूनच हाक मारली मला. "ऐकलंस का? तो म्हणाला, आहे!" मी हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "अरे वा." यापेक्षा निराळं काय म्हणायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

वहिनी


१५ मार्च

भाऊजी,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल तेव्हा येईल. मला आज कुणाला तरी सांगायचंच आहे.

रविवारी दुपारी लेक मैत्रिणीकडे गेली होती. तुमच्या दादाने नवा बास आणला होता, लहान मापाचा, आखूड नेकचा. त्याच्या तारा मऊ असतात, बोटांना कमी ताण पडतो. का आणला हे त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. खिडकीजवळच्या स्टुलावर बसून वाजवत होता. मी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होते. खरखर. थांबला. पुन्हा खरखर. मला वाटलं, आता केबल मागेल.

"इकडे ये गं जरा."

गेले.

"इथे बोट ठेव. या पट्टीच्या मागे. दाब."

"मला कुठे येतं?"

"यायचं काय त्यात? डबा बंद करतेस तसं दाब."

मी त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि तार दाबली. जाड, थंड तार. त्याने उजव्या हाताने छेडली. आवाज इतका स्वच्छ आला की खिडकीची काच थरारली.

"सोड."

मग त्याने स्वतः दाबली. खरखर.

"आता तू."

स्वच्छ.

मला वाटलं, झालं, आता थांबेल. पण तुम्हाला ठाऊक आहे तो बास कसा तपासतो. एक पट्टी सोडत नाही. "पुढची," म्हणाला. मी बोट पुढे सरकवलं. तो छेडायचा, आवाज विरेपर्यंत कान देऊन थांबायचा, मग म्हणायचा, "पुढची." अशा आम्ही त्या तारेवरच्या सगळ्या पट्ट्या तपासल्या. मग दुसरी तार. माझं बोट हुळहुळायला लागलं. इतके दिवस ज्या गोष्टीची मी वाट पाहत होते ती अखेर त्याला दिसत होती, आणि मी मनातल्या मनात गयावया करत होते की एखादी तरी पट्टी खरखरू दे. एक तरी. म्हणजे "बघ, आहे की नाही," असं तो म्हणेल आणि उठेल.

एकही खरखरली नाही.

शेवटच्या पट्टीला त्याने छेडलं, आवाज संपू दिला आणि तारांवर तळहात ठेवला.

"बास चांगला आहे," म्हणाला.

मी तशीच बसून होते. पाय बधिर झाले होते, पण उठायचं कसं ते कळेना.

मग तारा पुसता पुसता म्हणाला, "त्याचाही चांगलाच होता मग."

कुणाचा, हे मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

मी त्याचा डावा हात हातात घेतला, त्याने घेऊ दिला. खळग्यात माझा अंगठा बसला. तो म्हणाला, "घड्या राहिल्यात तुझ्या." मग आम्ही दोघांनी मिळून कपड्यांच्या घड्या घातल्या. त्याने मोजे जोडले.

वहिनी


२ एप्रिल

भाऊजी,

डॉक्टरकडे जाऊन आलो. तपासण्या झाल्या, सुया टोचून स्नायूंची वीज मोजली, अजून एक-दोन बाकी आहेत. आधी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या अंगठा आणि बोटात साधा कागद धरायला दिला आणि ओढला. अलगद निघून आला. पुन्हा दिला, पुन्हा निघाला. कागदच गुळगुळीत आहे असं तो म्हणेल, असं मला क्षणभर वाटलं. म्हणाला नाही. स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

स्नायूंना चालवणाऱ्या नसाच सुकत चालल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. तुमच्या दादाने विचारलं, "यातलं काय बदलता येतं?" बाईंनी तो कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, "बदलता काही येत नाही. वेग कमी करायला औषध आहे. किती कमी होईल ते आत्ता सांगू शकत नाही." त्याने मान डोलावली. इतका शहाण्यासारखा वागला की मला भीती वाटली. आरडाओरडा केला असता तर मी समजूत घातली असती. आता मी काय घालू? उजव्या हाताचं विचारायचं त्याने टाळलं. मीही टाळलं. बाईंनी मात्र तो हात न विचारताच तपासला आणि काहीतरी टिपून ठेवलं.

गाडी विकली. बास एकेक करून चालले आहेत. जाहिरातीत आता खरखरीचा उल्लेख नसतो. फक्त त्या मधाच्या रंगाच्या बासखाली त्याने लिहायला सांगितलं, 'पट्ट्या चुकीच्या घासल्या गेल्या आहेत, बाकी बास निर्दोष.' तो कुणी घेत नाही. राहू दे म्हणते मी.

तुमच्याविषयी. माझा फोन हातात घेऊन तो तुमच्या नावापर्यंत येतो आणि परत ठेवून देतो. काल मी म्हटलं, "कर की." म्हणाला, "काय सांगू त्याला? माझा हात चाललाय, आता माफ कर? तो लगेच करेल गं. मला तशी माफी नको." तुम्ही दोघे भाऊ एकाच मातीचे, माझ्या लग्नापासून बघते आहे. तो फोन करणार नाही. आणि तुम्ही हे पत्र वाचून "दादा, कसा आहेस?" असा फोन केलात, तर तो "मजेत" म्हणून ठेवून देईल. त्यानंतर मला कुठेच जागा उरणार नाही, कारण मी तुम्हाला लिहिते हे त्याला ठाऊक नाही.

दिवसभर तो रिकामा असतो. रजा काढली आहे. स्टुलावर बसतो, समोर काही नसतं. हत्यारांची पेटी उघडतो, एकेक वस्तू पुसतो, परत ठेवतो. दुरुस्त करायला घरात काही उरलेलं नाही. मी मुद्दाम मिक्सरचं झाकण मोडलं, तर लेकीने चिकटवून टाकलं.

म्हणून एक मागते. तुमच्याकडे एखादा अँप गुणगुणत असेल, एखादी केबल मधेच बंद पडत असेल. नसेल तर तुम्हीच काहीतरी बिघडवा. आतली एखादी वायर सोडवा, एखादा स्क्रू ढिला करा, तुम्हाला मी काय शिकवणार. आणि फोन करा. दुपारी करा, मी दुकानात असते आणि लेक कॉलेजात. घरच्या नंबरवर, म्हणजे त्यालाच उचलावा लागेल. नमस्कार-चमत्कार करू नका. मागचं काही काढू नका. नुसतं विचारा, "दादा, हे असं का होतंय?"

तो आधी गप्प बसेल. मग ओरडेल, इतक्या दिवसांनी बरा आठवलो म्हणेल. ओरडू द्या. मग विचारेल, "केबल बदलून पाहिलीस का?" पाहिली असली तरी नाही म्हणा. "अँप कुठे लावलायस?" विचारेल, तर दुसरीकडे लावून पाहतो म्हणा, आणि खरंच उठून लावा, त्याला पावलं ऐकू जातात. फोन अँपच्या अगदी जवळ धरा. त्याचा कान अजून पूर्वीइतकाच बारीक आहे, कुठे काय सुटलंय ते तो फोनवरूनही ओळखेल.

एवढंच करा, दोष त्याला लगेच सापडू देऊ नका.

वहिनी